अज्ञात प्राण्याचा पंचनामा

मिलिंद गेल्याचा फोन आला तेव्हा मी आष्टीजवळच्या एका शिवारात सोयाबीनच्या कापणी प्रयोगासाठी, चौकोनभर पीक कापून उतारा काढायला, दोरी धरून उभा होतो. मी कृषी सहायक, त्यामुळे दोरी, टेप आणि तक्ते ही माझी रोजचीच कामं. पलीकडून त्याचा धाकटा भाऊ सुनील बोलत होता. "दादा गेला. सकाळी ड्युटीवर निघाल्ता... बूट घालायला बसला तो उठलाच न्हाई." मी "बरं" म्हणालो. खरंच, "बरं" म्हणालो, फोन ठेवला आणि समोरच्या शेतकऱ्याला चौकोन बराबर आला का ते विचारलं. माणूस अशा वेळी काय करतो, देव जाणे. याला आता सहा आठवडे होतील.

आम्ही दोघं जाफराबादचे. एकाच बाकावर बसलो, एकाच एसटीनं जालन्याला कॉलेजात आलो. पुढं तो एमआयडीसीत एका बियाणं कंपनीत उगवण चाचणीच्या कामाला लागला. ओल्या कागदात शंभर बिया गुंडाळून ठेवायच्या आणि काही दिवसांनी किती उगवल्या ते बघायचं. "आपलं कामच वाट बघायचं हाय," असं तो म्हणायचा. म्हणूनच असेल, त्याला ते विचित्र सिनेमे मनापासून आवडायचे. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क इकडचे, राक्षसांचे, हातातल्या कॅमेऱ्यानं काढल्यासारखे. कुणी हौशी माणूस कॅमेरा घेऊन जंगलात शिरतो, चित्र हलत राहतं, तासभर नुसती झाडं, बर्फ आणि धापा टाकल्याचा आवाज. मग क्षणभर कुठल्याशा अवाढव्य जनावराचा पाय दिसतो आणि कॅमेरा पडतो. तो कॅमेरा म्हणे नंतर कुणाला तरी सापडतो आणि आपण बघतोय ते हेच चित्रण. पहिल्या दोन-तीन वेळा माझं डोकं इतकं ठणकलं की मी गोळी घेतली.

तरी रविवारी दुपारी मी त्याच्या घरी जायचोच. खिडकीवर सतरंजी टांगलेली, वैशालीवहिनींनी परातभर चिवडा करून ठेवलेला. मिलिंद खालची इंग्रजी अक्षरं वाचून आम्हाला जाफराबादी मराठीत सांगायचा. त्याला राक्षसाचं फारसं कौतुक नव्हतं, त्याला त्यातले सरकारी लोक आवडायचे. एका सिनेमात तळ्यातलं जनावर अख्खी नाव गिळतं आणि पाणीखात्याचा म्हातारा निरीक्षक थर्मासमधली कॉफी पीत धक्क्याच्या फळीवरच्या दातांच्या खुणा मोजतो, सुट्टी मंजूर होत नाही म्हणून कुरकुरतो. हे बघून मिलिंद खुर्चीवरून खाली घसरेपर्यंत हसला होता. "दिन्या, हा तू हाईस! राक्षस मागं उभा हाय आन् तू फॉर्म भरून राह्यलास!"

तिथूनच त्याच्या डोक्यात आपणही असा एक सिनेमा काढायचं खूळ शिरलं. खूळ हा माझा शब्द. तीन वर्षांपूर्वी दिवाळीत सुनीलच्या कपाशीत रानडुकरं शिरली आणि मधला मोठा पट्टा लोळवून गेली. मिलिंदला आयताच राक्षस मिळाला. "तुला अॅक्टिंग करायचीच न्हाई. रोज करतो तसा पंचनामा कर, बाकी माझ्यावर सोड," म्हणाला. मी तयार झालो. मोबाइल त्याच्या हातात, पंच म्हणून सुनील आणि शेजारच्या शेतातले एक काका. मी टेप लावून आडवी झालेली झाडं मोजली, बॅगेतला कोरा फॉर्म काढला आणि नुकसानीच्या कारणापुढं गंभीर चेहऱ्यानं लिहिलं, 'अज्ञात प्राणी, उंची पंचांनी पाहिली नाही.' वीस-पंचवीस मिनिटं चाललं असेल. त्या सिनेमांत कॅमेरा धरणारा दिसत नाही, नुसता बोलत राहतो. मिलिंदही मागून सारखा बोलत होता, धापा टाकत होता, मध्येच पळत होता. लाजत का होईना, मला मजा येत होती, हे आज कबूल करतो.

सह्या झाल्या आणि काकांनी हळूच विचारलं, "साहेब, माझ्या बी वावरात घुसल्ते. माझा पंचनामा कवा करता?" त्यांना सगळं खरंच वाटलं होतं. हा माणूस उद्या तालुक्याला जाईल, व्हिडिओ कुणाच्या तरी ग्रुपवर फिरेल, सरकारी कागदाची थट्टा केली म्हणून मला नोटीस येईल. मी काकांसमोर फॉर्म फाडला, त्यांची समजूत काढली आणि मिलिंदला म्हणालो, "डिलीट कर. आत्ता. माझ्यासमोर."

तो हसला, मी गंमत करतोय की काय ते बघत राहिला. मग म्हणाला, "घरातच बघू ना, दिन्या. बाहेर न्हाई देत." मी ऐकलं नाही. त्यानं व्हिडिओ पुसला. कचऱ्याच्या फोल्डरमधूनही काढ, हेसुद्धा मीच सांगितलं. तेही त्यानं केलं आणि "बराबर हाय तुझं, नोकरीचा सवाल हाय," म्हणून चहा आणायला गेला. पुन्हा तो विषय त्यानं कधी काढला नाही. रविवार मात्र विरळ होत गेले, आणि ते विरळ होऊ देणारा मी होतो. त्याच्याकडे बघितलं की मला माझीच भीती आठवायची.

मिलिंदच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर दोन आठवड्यांनी त्याच्या घरी गेलो. वहिनी आणि त्यांची दहा वर्षांची मुलगी मैत्री मिलिंदचा मोबाइल घेऊन बसल्या होत्या. फोनमध्ये सगळे होते, पाहुणे, सहली, मैत्रीचं गॅदरिंग. मिलिंद तेवढा नव्हता, कारण प्रत्येक वेळी फोन त्याच्याच हातात. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्याकडं यांचा आवाज हाय का कशात? लग्नाच्या शूटिंगमंदी नुसती गाणी हायेत. पोरगी आवाज मागून राह्यली." मी माझा फोन चाळला. आवाजाचा निरोप त्यानं कधी पाठवलाच नव्हता, 'बोलायचं तर ये' एवढंच लिहायचा.

मग मी सांगितलं. शेत, पंचनामा, पुसलेला व्हिडिओ, सगळं. वहिनी रागावल्या असत्या तर बरं झालं असतं... त्या फक्त म्हणाल्या, "मंग सांगा तरी तिला, काय काय बोलत होते ते."

मैत्री सरकून जवळ बसली. मी सुरुवात केली. मी काय म्हणालो, कारणापुढं काय लिहिलं, काकांनी काय विचारलं. ती हसली आणि म्हणाली, "आन् पप्पा काय म्हणले?"

मी आठवायला लागलो. माझी सगळी वाक्यं मला पाठ होती. त्याचं एकही आठवेना. तो सगळा वेळ बोलत होता, एवढं नक्की. पण त्या वेळी माझं लक्ष, रस्त्यावरून कुणी बघत तर नाही ना, याकडे होतं.