शिक्का नसलेलं पुस्तक

मंडळात जुनी पुस्तकं द्यायला गेले. पोचपावतीवरच्या शिक्क्याच्या शाईचा वास आला आणि घाटकोपरची आमची खोली आठवली.

मॅट्रिकच्या वर्षी याच मंडळाने मला बीजगणिताचं पुस्तक दिलं होतं. आत शिक्का होता, ‘गरीब विद्यार्थ्यांस मदत’. तो वाचून बाबांनी माझ्या थोबाडीत मारली, पुस्तक चुलीत फेकलं. आईने जाळात हात घातला, तर तिलाही लाथ बसली.

“पोरीचं वर्ष जळतंय अहो!” ती ओरडली.

ती लाथ मी माफ केलेली नाही. पण दुसऱ्या सकाळी कामावर खाडा करून बाबा मला मंडळात घेऊन गेले.

“दुसरं पुस्तक द्या साहेब. शिक्का मारायचाच तर माझ्या कपाळावर मारा.”

तेव्हा मला त्यांचीच लाज वाटली. ते बोलणं त्यांना किती जड गेलं, हे आज कळतं. मंडळाच्या चिटणिसांनी त्या दिवशी शिक्का खणात टाकला आणि पुस्तक तसंच माझ्या हातात दिलं.