वाळूतल्या गोड गाठी

रोपवाटिकेच्या मालकीणबाईंना सगळे थोरल्या बाई म्हणत. वांगी, मिरची, टोमॅटोचं रोप घ्यावं तर त्यांच्याकडूनच, असा पंचवीस वर्षांचा शिरस्ता होता. नवरा गेल्यावर धाकटी बहीण परत आली, तेव्हा बाईंनी तिला ओढ्यालगतचा वाळूचा तुकडा दिला. तिथे कधी काही पिकलं नव्हतं. दिल्याचं नाव झालं आणि गेलं काहीच नाही.

धाकटीने त्यात लव्हाळ्याच्या जातीचं गवत लावलं. बाईंना हसू आवरेना. लव्हाळा खुरपता खुरपता त्यांची बोटं वाकडी झाली होती, आणि ही बया त्याला पाणी घालत होती. पण हे गवत वेगळं निघालं. चार महिन्यांनी पाती पिवळी पडली, धाकटीने वाळू उपसून चाळली, तर चाळणीत हरभऱ्याएवढ्या तपकिरी गाठी राहिल्या. त्या वाळवून ठेवायच्या, लागतील तशा भिजवून वाटायच्या, फडक्यातून पिळायच्या. गोडसर पांढरं दूध निघे. उरलेला चोथा वाळवून दळला की त्याची बिस्किटं होत.

दूध न पचणाऱ्या मुलांच्या आया आधी आल्या. मग बेकरीवाला आला. मग तर बाईंच्याच फाटकात उभं राहून लोक धाकटीचं घर विचारू लागले. बाई रोज हात दाखवून वाट सांगत आणि रोज आतून करपत. एकदा बाजारात कुणीतरी त्यांची ओळख करून दिली, "या त्या गाठीवाल्या बाईंच्या बहीण." त्या दिवशी बाई भाजी न घेताच घरी आल्या. धाकटी दर आठवड्याला दुधाची बाटली पाठवी. बाई ती मोरीत ओतत. एकदाच घोटभर चाखलं. चांगलं लागलं, म्हणून जास्तच राग आला.

पुढच्या हंगामात रोपवाटिकेतल्या चारशे कुंड्यांत मिरचीच्या रोपाशेजारी तेच गवत उगवलं. बाईंना कारणच हवं होतं. चार शेजारी गोळा करून त्या धाकटीच्या दारात गेल्या. तिच्या गवताने आपलं वाटोळं केलं, ते मुळासकट काढून टाका, नाहीतर उद्या तुमच्या शेतात येईल, असं त्यांनी शेजाऱ्यांना पटवून सांगितलं. धाकटी गाठी निवडत होती. तिने हात थांबवले नाहीत.

"ताई, कुंड्यांत वाळू कुठली घातलीस?"

बाईंची नजर ओढ्याकडे गेली. वाळू त्यांनी याच तुकड्यातून आणली होती, चार पाट्या, न विचारता. दिलं तरी आपलंच, या हिशेबाने. शेजारी एकेक करून निघून गेले. ते हसले नाहीत, हेच बाईंना लागलं.

दुसऱ्या दिवशी धाकटी खुरपं घेऊन आली. दोघी पाठमोऱ्या बसून कुंड्या निवडू लागल्या. दुपारपर्यंत निम्म्या कुंड्या झाल्या. मग बाई म्हणाल्या, "मला तुझं बघवत नाही गं."

"माहीत आहे. ताई, बाटल्या धुऊन तरी पाठवत जा."

निवडणं चालू असतानाच एक शिक्षिका आल्या. शाळेत मुलांना दाखवायला गवतासकट दहा कुंड्या हव्या होत्या त्यांना. धाकटी काही बोलायच्या आत बाईंनी भाव सांगितला, मिरचीच्या दुप्पट.

तेव्हापासून बाई स्वतःच कुंड्यांत ते गवत लावून विकतात. गिऱ्हाइकाला बजावून सांगतात की कुंडीतली गाठ वाळूतल्यापेक्षा मोठी होते. होत नाही. काढणीच्या दिवशी त्या बहिणीच्या चाळणीत हात घालून तिच्या गाठी नीट बघतात, आणि पडल्या चेहऱ्याने म्हणतात, "यंदा तुझ्या बारीकच आहेत."