आवक वहीतली रिकामी ओळ

१४ जून. शुल्क रुपये ६,३४०. विद्यापीठाच्या प्रवेश विभागाच्या आवक वहीत त्या दिवसाच्या शेवटच्या ओळीवर ही नोंद होती, आणि ती खोटी होती. अर्ज आला होता १५ तारखेला, दुपारी चार वाजता.

त्या विभागात एक जुनी रीत होती. रोज वही बंद करताना शेवटची ओळ कोरी सोडायची. वरून कोणाची चिठ्ठी आली, की मागच्या तारखेला अर्ज अलगद बसायचा. कारकून तिला ‘साहेबांची ओळ’ म्हणत. अधीक्षकांनी एकतीस वर्षं ती ओळ पाहिली, दुसऱ्यांसाठी भरूही दिली. स्वतःसाठी मात्र कधी वापरली नव्हती. घरी बायकोला हे ते फुशारकीने सांगत.

पंधरा तारखेला सकाळी एका शिंप्याची मुलगी अर्ज घेऊन खिडकीशी आली. अधीक्षकांनी तिला भिंतीवरच्या सूचनेतली शेवटची तारीख दाखवली: १४ जून. “बाळ, नियम म्हणजे नियम. आज तुला घेतलं, तर उद्या सगळ्यांना घ्यावं लागेल.” मुलगी मान हलवून गेली. दुपारी धाकटी बहीण भाचीचा अर्ज घेऊन धापा टाकत आली. “दादा, एकच दिवस रे! तुझ्या हातात आहे म्हणून आले.” अधीक्षकांनी पेन उघडलं. भाचीला शेवटची जागा मिळाली.

जुलैत ते कागदांच्या प्रती काढायला समोरच्या दुकानात गेले. यंत्रापाशी तीच मुलगी उभी होती.

“काका, ओळखलंत का? यंदाचं वर्ष गेलं, म्हणून इथे लागले. पण तुम्ही नीट समजावून सांगितलंत ते बरं झालं. पुढच्या वर्षी पहिल्याच दिवशी येते की नाही बघा!”

तिने शिवी दिली असती तर बरं, असं त्यांना वाटलं. कचेरीत येऊन त्यांनी प्रवेश परीक्षेची गुणयादी काढली. तिचे गुण भाचीपेक्षा अकराने जास्त होते. चौथ्या दिवशी कबुलीचं टिपण लिहून ते कुलसचिवांपुढे उभे राहिले.

“अहो, निवृत्तीला आठ महिने राहिलेत तुमच्या,” कुलसचिव म्हणाले. “कशाला पायावर धोंडा पाडून घेता? ती ओळ मीसुद्धा वापरलीय.”

“म्हणूनच तोंडी सांगत नाही, साहेब. लेखी देतोय.”

कुलसचिवांनी टिपण वाचलं. मग सही केली. अधीक्षकांची शेवटची वेतनवाढ रोखली गेली, भाचीचा प्रवेश रद्द झाला आणि उशिराचे अर्ज एकदाच स्वीकारून ती जागा शिंप्याच्या मुलीला मिळाली. कोरी ओळ बंद झाली. आजवर त्या ओळीने कोणाकोणाची जागा खाल्ली, ते मात्र कोणालाच सांगता येईना. अधीक्षक जुन्या वह्या उघडत आणि पहिल्याच पानावर मिटत.

बहीण घरी आली, पण उंबऱ्याच्या आत आली नाही. “परक्याच्या पोरीसाठी भाचीचा बळी दिलास, दादा. तेव्हाच नाही म्हणाला असतास, तर मी दुसरीकडे तरी धावले असते!”

तिचं म्हणणं अधीक्षकांना पटलं. खरंच, नाही म्हणायचं ते तेव्हाच म्हणायला हवं होतं.

रद्द प्रवेशाचं शुल्क दहा टक्के कापून परत मिळालं. ती कपात आपण भरतो, असं लिहून अधीक्षकांनी पैशांचं पाकीट पाठवलं. बहिणीने पाकीट न उघडता परत पाठवलं.

तिचं ६३४ रुपयांचं देणं अजून आहे.