तळबाईंची खिडकी

तळबाईंना खरं नाव होतं, पण ते फक्त पगाराच्या दिवशी कुणीतरी उच्चारायचं. एरवी ग्रंथालयात झाडूवाल्यापासून साहेबांपर्यंत सगळे त्यांना तळबाईच म्हणत, कारण त्या तळघरात बसत. बालविभाग तळघरात, आणि बालविभाग म्हणजे तळबाई, एवढा साधा हिशोब होता.

आता, त्या काही हौसेने खाली गेल्या नव्हत्या. फार वर्षांपूर्वी वरच्या दालनाचं छत गळायला लागलं, तेव्हा मुलांची कपाटं ‘दोन महिन्यांपुरती’ खाली उतरवली. छत दुरुस्त झालं, रंग लागला, तिथे मोठ्यांसाठी वर्तमानपत्रांची टेबलं आली आणि मुलांची कपाटं राहिली खालीच. कपाटांबरोबर बाईही राहिल्या. ते दोन महिने काही संपायचं नाव घेईनात.

खाली खिडकी नाही. एकही नाही. चार ट्यूबलाइट, त्यातली एक कायम डोळे मिचकावणारी. डोक्यावरून जाडजूड पाइप गेलेले, वर कुणी बेसिनचा नळ सोडला की खाली घरघर सुरू. बाई गोष्ट सांगता सांगता थांबायच्या, पाणी जाऊ द्यायच्या आणि मग पुढे बोलायच्या. बाहेर ऊन आहे की आभाळ आलंय हे त्यांना येणाऱ्या मुलांच्या केसांवरून कळायचं. आणि रोज दुपारी एक वेळ अशी यायची की छातीवर कुणी बसल्यासारखं व्हायचं, श्वास अर्ध्यातच अडायचा. तेव्हा त्या उगाच कपाटातली पुस्तकं काढून परत लावत बसायच्या. बघणाऱ्याला वाटायचं, काय कामसू बाई आहे!

घरीही तीच तऱ्हा. धाकट्या भावाच्या संसारात त्या मधल्या खोलीत राहायच्या. त्या खोलीला खिडकी होती, नाही असं नाही, पण हात बाहेर काढला की शेजारच्या इमारतीची भिंत लागायची.

“हवा तर येते ना हो ताई,” भावजय म्हणायची.

“हवा कसली येते, सिमेंट येतं,” बाई म्हणायच्या.

अशात उन्हाळ्याच्या तोंडावर साहेबांनी त्यांना वर बोलावलं. साहेब म्हणजे ग्रंथपाल, मनाने बरा माणूस, फक्त प्रत्येक वाक्याआधी घसा खाकरायचा. म्हणाले, “बाई, या सुट्टीत मुलं फारशी आली नाहीत, तर खालचा विभाग बंद करावा असं समितीच्या मनात आहे. दोन कपाटं वर घेऊ. तुम्हीही वर या. ते टेबल तुमचं.”

ते टेबल खिडकीला लागून होतं. खिडकीतून दिसायचं तरी काय? धुळीने माखलेलं एक झाड, कुंपणाची भिंत आणि सायकल दुरुस्तीच्या दुकानाची मागची बाजू. पण बाईंना ते इतकं आवडलं की त्या दिवसापासून पाणी प्यायच्या निमित्ताने त्या रोज वर जाऊन त्या टेबलावर हात ठेवून यायला लागल्या. लाकूड उन्हाने कोमट झालेलं असायचं. खाली आल्यावर बराच वेळ त्या तळहात मिटून ठेवायच्या.

मुलं आली नाहीत, तर. हे ‘तर’ बाईंच्या डोक्यात असं काही घुसलं की विचारू नका. मुलांचा मुडदा पाडायचा नव्हता कुणाला! फक्त या एका सुट्टीत त्यांनी जरा कमी यावं, बस. आधी बाईंना स्वतःची लाज वाटली. मग वाटेनाशी झाली.

दर उन्हाळ्याला बाई एक विषय घेऊन पुस्तकं सुचवायच्या. कधी समुद्र, कधी आकाश, कधी जंगल. मोठ्या निळ्या-हिरव्या कागदावर अक्षरं काढायच्या, मुलं तुटून पडायची. यंदा त्यांनी तपकिरी कागद घेतला आणि त्यावर लिहिलं: ‘जमिनीखाली’. झालं! भर उन्हाळ्यात, सुट्टीत, बाहेर मोकळं मैदान पडलेलं असताना कोणतं पोर तळघरात येऊन गांडुळं, गटारं आणि खाणी वाचणार?

साहेबसुद्धा चपापले. “बाई, मुलांना कोंदल्यासारखं नाही का होणार?”

“विषय नवा आहे, साहेब,” बाई म्हणाल्या, आणि जीभ चावली, कारण हसू येत होतं.

पण एक गोष्ट त्यांना जमली नाही. विषय रद्दी घेतला, पण पुस्तकं रद्दी घ्यायला हात धजेना. बसल्या शोधत, आणि शोधून शोधून चांगलीच काढली. शिवाय खोड होती ती निराळीच. बाई पुस्तक नुसतं हातात देत नसत, ते मुलाला अर्धं सांगत. अर्ध्यावर आल्या की गप्प. “पुढे?” “पुढे पुस्तकात.” बालविभागाचा हा जुना रिवाज, मुलांना पाठ होता. बाईंनी या वेळी आणखी चलाखी केली. ठरवलं, अर्ध्यापर्यंत जायचंच नाही, कंटाळवाण्या सुरुवातीलाच थांबायचं, म्हणजे पोरं आपोआप उठून जातील.

अहो, इतकी वर्षं मुलांत काढून एवढं कळू नये? लवकर थांबलं की पोरं जास्त पेटतात!

अगदी लहानग्यांसाठी एक चित्रांचं पुस्तक होतं. त्यातलं गांडूळ सुट्टीला म्हणून वर येतं, आणि परत जायला बघतं तर सगळी बिळं सारखीच. बाई थांबल्या गांडूळ तापलेल्या फरशीवर असताना. एक चिमुरडी भोकाड पसरून रडली आणि पुस्तक छातीशी धरून घरी घेऊन गेली. जरा मोठ्यांसाठी दोन भावांची गोष्ट होती. गणिताच्या शिकवणीतून सुटायला ते परसात खड्डा खणतात आणि फावडं एका लोखंडी झाकणावर आपटतं. बाई तिथेच थांबणार होत्या, पण तोंडून गेलंच, “आणि खालून कुणीतरी टकटक केलं.” त्या पुस्तकासाठी दोन मुलांची मारामारी झाली. एक चष्मिस होता, त्याला गोष्टी नको, खरी माहिती हवी. त्याला बाईंनी शहराच्या पोटातल्या नळांचं, तारांचं आणि गटारांचं पुस्तक दिलं, हे तरी नक्की पडून राहील म्हणून. दुसऱ्या दिवसापासून सगळी फौज डोक्यावरचे पाइप कुठून येतात आणि कुठे जातात ते हुडकायला लागली. भिंतीला कान लावून ओरडायची, “बाई, वर कुणीतरी हात धुतोय!” मोठ्या मुलांना खाणीत अडकलेल्या माणसांची कादंबरी गेली. त्यात एकच दिवा उरतो, तो कुणी आणि कधी विझवायचा यावरून भांडण होतं. मिशी फुटू लागलेली पोरं त्यावर तावातावाने वाद घालत बसली, त्यांना घरी जायची आठवण करून द्यावी लागे.

तळघर गच्च भरलं. टेबलांवर चादरी टाकून पोरांनी खाली भुयारं केली. साहेब खाली डोकावून खूश होऊन गेले. आणि बाई घरी येऊन मधल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसल्या.

“गर्दी झाली म्हणून तोंड पाडणाऱ्या तुम्हीच पहिल्या,” भावजय म्हणाली. “ताई, जरा वाईट सांगायचं की.”

“येत नाही गं. काय करू, येतच नाही!”

त्या गर्दीत एक पोरगी होती जी कशात नव्हती. पंधराएक वर्षांची असेल. शेवटच्या कपाटामागे, पाइपाच्या कोपऱ्यात बसायची, चपला काढून, पाय पोटाशी घेऊन. तिला बाईंनी तळघरात लपलेल्या मुलीची गोष्ट दिली होती. वर लढाई चाललेली, आणि ही खाली बसून नुसते पाय ऐकते. कुणाचे बूट, कोण लंगडतं, कोण जवळ येऊन थांबतं. बाकीच्या मुलींनी ते पुस्तक दोन-चार पानांत परत केलं होतं. म्हणे, जीव घुसमटतो.

“तुला नाही घुसमटत?” बाईंनी एकदा विचारलं.

“नाही,” ती म्हणाली. “सगळ्या म्हणतात ती अडकलीय. मला नाही तसं वाटत. तिला कुणी हाक मारत नाही, बाई. बघा ना, पान उलटत जा, एकदासुद्धा कुणी हाक मारत नाही.”

“तुला कोण एवढं हाका मारतं?”

मग हळूहळू कळलं. घरी जुळी भावंडं, अजून धड चालता न येणारी. आई घरीच शिलाईकाम करते, बाप बाहेरगावी. पोरीला घरात नावाने कुणी हाक मारत नाही, सगळे ‘मोठी’ म्हणतात. मोठी, दूध तापव. मोठी, याला धर. मोठी, बॉबिन भर. घराबाहेर पडली तरी फोन आहेच. फक्त इथे तळघरात फोनला रेंज येत नाही. “म्हणून येते,” ती म्हणाली, आणि घाबरून लगेच पुढे म्हणाली, “म्हणजे, वाचायलाही येते.”

ज्या जागेला बाई रोज सकाळ-संध्याकाळ शिव्या घालत होत्या, त्या जागेत ही पोरगी श्वास घ्यायला येत होती. बाईंनी जाऊन पुस्तकं लावायला घेतली. लावलेलीच पुन्हा लावली.

सुट्टी संपत आली तसं साहेबांनी पुन्हा वर बोलावलं. या वेळी खाकरले नाहीत, थेट बोलले. “मुलं भरपूर आली, म्हणजे समिती विभाग बंद करणार नाही. पण मी तुम्हाला शब्द दिला होता. उद्या समितीपुढे तुम्ही एवढंच म्हणा की तळघरात मुलांना कोंदतं. तुमचा शब्द मानतील. कपाटं वर, तुम्ही वर. नाहीतर ते टेबल कॉम्प्युटरला जाईल, आणि मग जागा होणं कठीण.”

बाई त्याच खिडकीजवळच्या टेबलाशी बसल्या होत्या, हात टेबलावरच होता. बाहेर दुकानामागे कुणीतरी सायकलचं चाक उलटं धरून फिरवत होतं, आणि त्याच्यावर ऊन फिरत होतं.

“मुलांना बसायला कुठे?” त्यांनी विचारलं.

“वर कुठली जागा, बाई? पुस्तक घ्यावं आणि घरी जाऊन वाचावं.”

घरी जाऊन. बाईंना शेवटच्या कपाटामागचे ते पोटाशी घेतलेले पाय दिसले. मनात आलं, ती काय माझ्या पोटची आहे? आणखी दोन वर्षांनी कुठे असेल कुणास ठाऊक. मी अजून निवृत्तीपर्यंत किती दुपारी त्या भोकात काढायच्या? हो म्हण गं बाई, हो म्हण. ‘मुलांना कोंदतं’, एवढे दोन शब्द.

“नाही कोंदत,” बाई म्हणाल्या. “मुलांना नाही कोंदत, साहेब.”

“आणि तुम्हाला?”

याचं उत्तर त्यांच्याकडे होतं, पण ते तोंडावाटे आलं असतं तर बाकीचंही सगळं आलं असतं. त्या उठल्या आणि जिना उतरून खाली आल्या. दुपारची जेवायची वेळ, पोरं घरी गेलेली. फक्त मोठी आपल्या कोपऱ्यात. तिला पाहताच बाईंचं डोकं फिरलं.

“तुला दुसरी जागा नाही मिळाली का गं जगात? इथेच मरायला यायचं होतं? माझी खिडकी गेली तुझ्यापायी, खिडकी!”

पोरगी पांढरीफटक पडली. काय खिडकी, कसली खिडकी, तिला काय ठाऊक. बाई खुर्चीत बसल्या आणि रडल्या. चांगल्या हुंदके देऊन रडल्या, रुमालही सापडेना. मग नाक ओढत त्यांनी तिला सगळं सांगितलं. टेबल, ऊन, तपकिरी कागद, सगळं. अर्ध्यावर न थांबता सांगितलं.

पोरगी म्हणाली, “मला वाटलं तुम्हाला इथे आवडतं.”

“मला? इथे? अगं, एक दिवस आवडलं नाही मला.”

“मग वर जायला का नाही म्हणालात?”

तेवढ्यात जिन्याच्या वरच्या टोकाला चपला वाजल्या. एक पोर किरकिरत होतं. आणि मोठीच्या आईचा आवाज आला, दमलेला, “अहो बाई, आमची मोठी आहे का खाली? केव्हाची फोन लावतेय, लागतच नाही.”

मोठीने पुस्तक मिटलंसुद्धा. तोंडावरचं सगळं पुसून टाकल्यासारखं झालं आणि पाय आपोआप चपला चाचपायला लागले. बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं, पदराने आपले डोळे पुसले आणि कपाटामागून बाहेर येऊन वर पाहिलं. आई एका जुळ्याला कडेवर आणि दुसऱ्याला हाताला धरून उभी होती. ब्लाउजला सुया टोचलेल्या, केस सुटलेले, कधी एकदा बसते असं झालेलं. बाईंना तिचीही दया आली, आणि ती इतकी येईल असं त्यांना वाटलं नव्हतं.

“नाही हो,” त्या म्हणाल्या. “इथे खाली मी एकटीच असते.”