दुपारी दोनचा हँडओव्हर

लडाखमधल्या एका लहान फील्ड हॉस्पिटलात मी नर्सिंग असिस्टंट होतो. रँक हवालदार, गाव मिरजगाव. तंबूत सहा खाटा आणि एका कडेला बुखारी, म्हणजे रॉकेलची शेगडी. सकाळी सहाला तापमान, आठला औषधं, दुपारी दोनला डॉक्टरांची ड्यूटी बदलायची.

खाट चारवर सिपाही भागवत होता. सोनईचा, पाय मोडलेला. त्याच्या तक्त्यावर लाल शाईत लिहिलं होतं, ॲलर्जी, पेनिसिलिन नको. पावणेदोनला तो म्हणाला, "दादा, लई गारठलोय. बुखारीजवळ घ्या की."

बुखारीजवळच्या खाट दोनवर न्यूमोनियाचा जवान होता. त्याला उकडत होतं. मी दोघांची अदलाबदल केली. तक्ते मात्र खाटांनाच अडकलेले राहिले. ते बदलायला दहा सेकंद लागले असते. तेवढ्यात वायरलेस वाजला.

"हेलिपॅडवर ऑक्सिजन सिलिंडर. ताबडतोब. ओव्हर."

मी पळालो. पुढचं मला नंतर कळलं. दोनला ड्यूटी संपलेले डॉक्टर, मेजरसाहेब, जाताजाता दारातूनच ड्यूटीवर आलेल्या नव्या कॅप्टनसाहेबांना म्हणाले, "खाट दोनला पेनिसिलिन द्या. चारला चालत नाही."

"रॉजर, सर."

दोन पंचवीसला मी परतलो, तेव्हा कॅप्टनसाहेब भागवतच्या छातीवर दाब देत होते. दोन पन्नासला ते थांबले. चौकशीत मी माझी चूक कबूल केली. शिक्षा झाली, ती भोगली. त्यानं मन काही हलकं झालं नाही.

आता नगरच्या एका हॉस्पिटलात वॉर्ड सांभाळतो. दोन वाजत आले की मी काउंटरपाशी जाऊन उभा राहतो. डॉक्टर काउंटरवरूनच "सगळे स्टेबल" म्हणून निघाले की मी आडवा येतो. दोघांनी खाटेपाशी जायचं. पेशंटला नाव विचारायचं. एकानं सांगायचं, दुसऱ्यानं तेच परत म्हणून दाखवायचं.

"मामा, परेड आहे का ही?" परवा एक तरुण डॉक्टर वैतागला.

"व्हय, परेडच हाय. म्हना परत."

तो म्हणू लागला आणि मध्येच थांबला. हातातली फाईल शेजारच्या पेशंटची होती. निघालेले डॉक्टर दारातून मागे आले.

भागवत गेल्यावर पहिल्या सुट्टीत मी सोनईला गेलो होतो. त्याच्या आईला सगळं खरं सांगायचं ठरवून गेलो होतो. पण तिनंच आधी विचारलं, "माज्या लेकाला थंडी तर न्हाई ना वाजली?"

"न्हाई, माई. बुखारीजवळ हुता."

पुढचं सांगायचं अजून राहिलंय.