वजन घटवा स्पर्धेतला पहिला नंबर

आमची सोसायटी कात्रजच्या अलीकडे उभी राहिली, तेव्हा बायपासने हिंजवडी गाठणाऱ्या कंपन्यांच्या बस नुकत्याच सुरू झाल्या होत्या. निम्मे रहिवासी त्या बसने जात. दिवसभर खुर्चीत बसून ते संध्याकाळी घरी येत आणि लिफ्टमध्ये वजनाबद्दल बोलत. मी वर्तमानपत्रात उपसंपादक होतो. आमच्या पुरवणीत दर आठवड्याला सडपातळ होण्याचा एक नवा उपाय छापला जाई. आधीच्या उपायाचे काय झाले, असे विचारणारे वाचकाचे पत्र कधी आले नाही.

रविवारी सकाळी मंडळी मागच्या टेकडीवर जात. उतरल्यावर मिसळ खात, वर तर्री मागवत आणि मग क्लब हाउसमधल्या वजनकाट्यावर उभी राहत. चपला, घड्याळ, मोबाइल बाजूला ठेवून, श्वास रोखून. श्वास रोखल्याने वजन कमी भरते, अशी या इंजिनिअरांची समजूत होती.

त्या वर्षी गणेशोत्सवाच्या कमिटीने अंताक्षरी बंद करून ‘वजन घटवा’ स्पर्धा ठेवली. कल्पना सोसायटीच्या सचिवांची. ते बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन मोकळे झाले होते. पहिले वजन पाडव्याला, शेवटचे गणपतीत. सर्वांत जास्त घट ज्याची, त्याला बक्षीस. रक्तदाब किंवा साखर तपासण्याचा विषय निघाला नाही. काटा सोसायटीकडे आयता होता.

माझ्या समोरच्या फ्लॅटमधल्या शेजाऱ्याने नाव दिले. तो चाळिशीचा, नागपूरकडून आलेला, एका कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर, अंगाने भरलेला. त्याची बायको शाळेत शिकवत असे आणि त्याच्याहून जाड होती. लिफ्ट बंद असली की ती भाजीच्या पिशव्या घेऊन चार मजले चढे आणि वर आल्यावर दम न लागता बोले. तिच्या या क्षमतेची सोसायटीने कधी नोंद घेतली नाही. बायका तिला डाएटिशियनचे फोन नंबर देत.

पावसाळ्यात शेजाऱ्याचे वजन झपाट्याने उतरू लागले. लिफ्टशेजारच्या फलकावर दर रविवारी आकडे लागत, त्यात त्याचे नाव वर सरकत गेले. लोक रहस्य विचारू लागले. ‘काही करत नाही हो, नुसता भात सोडला,’ असे तो सांगे. ते कोणी खरे मानले नाही. त्याच्या हातात मोठी पाण्याची बाटली असे आणि ती तो सारखी तोंडाला लावी. पाण्याने चरबी विरघळते, असा निष्कर्ष निघाला. महिनाभरात निम्म्या स्पर्धकांनी तशाच बाटल्या आणल्या. त्याला रात्री चार-पाच वेळा उठावे लागते हे कळल्यावर एकाने तर आपणही आता तीनदा उठतो, असे अभिमानाने सांगितले.

बायको मात्र त्याला रक्त तपासून घ्यायला सांगत होती. एकदा क्लब हाउसमध्ये तिने ते सर्वांसमोर म्हटले.

सचिव हसले. “वहिनी, कौतुक करायचं सोडून हे काय? नवरा हिरो दिसायला लागला, आता तो इकडेतिकडे बघेल, अशी भीती वाटते का?”

“बघू दे की,” ती म्हणाली. “आधी दिसायला तर हवं. समोर आलेल्या बसचा नंबर वाचता येत नाही त्याला.”

“तुम्हीही नाव द्या ना स्पर्धेत,” सचिवांच्या पत्नी म्हणाल्या. विषय तिथे संपला.

पहिला नंबर त्याचाच आला. बक्षीस म्हणून डिजिटल वजनकाटा मिळाला. विसर्जनानंतर आठवड्याभरात तो बसस्टॉपवर कोसळला. तो शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी वजन कधीपासून उतरतंय, असे विचारले, तेव्हा त्याने पहिल्या नंबराची हकीकत सांगितली. डॉक्टरांनी ती ऐकून घेतली आणि साखरेचा रिपोर्ट त्याच्यासमोर ठेवला. रोज इन्सुलिन घ्यावे लागणार होते.

इन्सुलिन सुरू झाले, नजर सुधारली, पाण्याची बाटली सुटली. वजनही परत भरले. समाचाराला आलेल्यांना तेवढेच दिसले.

“सगळी मेहनत पाण्यात गेली हो,” सचिव म्हणाले. “इन्सुलिनने माणूस सुटतो म्हणतात. काहीतरी नैसर्गिक बघा ना.”

“नैसर्गिकरीत्या तो चाललाच होता,” बायको म्हणाली. “डॉक्टर मध्ये पडले म्हणून राहिला.”

काही महिन्यांनी बाटली पुन्हा त्याच्या हातात दिसू लागली. बायकोने फ्रिज उघडून पाहिला, तर इन्सुलिनची पेनं भरलेलीच होती. तो डोस चुकवत होता. “लिफ्टमध्ये सगळे आधी पोटाकडे बघतात,” एवढेच त्याने कारण सांगितले. पुन्हा कोसळलास तर वाचवता येईलच असे नाही, असे डॉक्टरांनी त्याला बजावले. चाळिशीतल्या, दोन मुली शाळेत असलेल्या माणसाला जगावे की बारीक दिसावे, हे ठरवायचे होते आणि त्याचे ठरत नव्हते.

पुढच्या वर्षी स्पर्धा पुन्हा जाहीर झाली. फलकावर आदल्या वर्षीच्या विजेत्याचा फोटो लागला: गालफडे बसलेली, सैल शर्टातून गळ्याची हाडे दिसताहेत, हातात काटा. शेजारी उभ्या असलेल्या बायकोला फोटोतून कापले होते. खाली ‘प्रेरणा’ असे लिहिले होते.

तो त्या फोटोसमोर बराच वेळ उभा राहिला. मी बाजूला लिफ्टची वाट पाहत होतो.

“तुम्ही पेपरवाले,” तो मला म्हणाला. “हा काढायला सांगा ना.”

“कारण विचारतील.”

“सांगा, फोटोतला माणूस आजारी आहे.”

मी सचिवांना सांगितले. त्यांनी चष्मा पुसून फोटो निरखला. “आजारी? अहो, याच्याइतकी चांगली तब्येत अख्ख्या सोसायटीत नाही.” फोटो राहिला.

बक्षीस समारंभाच्या दिवशी हॉलमध्ये जेवण होते. पंगत बसली. तो कमिटीच्या समोरच्या रांगेत बसला होता. ताट वाढून झाल्यावर त्याने बायकोकडे हात केला, तिने पर्समधून पेन काढून दिले. इतके दिवस तो हे काम दार लावून करत असे किंवा करतच नसे. त्या दिवशी त्याने शर्ट वर केला, वर्षभर लिफ्टमध्ये ज्याची चर्चा झाली ते पोट सर्वांसमोर उघडे केले, सुई टोचली, शर्ट खाली घेतला आणि जेवायला सुरुवात केली. शेवटी एक मोदक खाल्ला. दुसरा बायकोने खाल्ला.

सचिवांनी मान फिरवली होती. जेवण आटोपल्यावर ते मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, “वाईट वाटतं हो. इतका चांगला उतरला होता.”