दुकानाच्या सायकलवरचा तोरणमाळ

जळगावच्या दाणाबाजारात शांतीलालजींचं डाळींचं ठोक दुकान आहे. स्वतःचं वजन ते दुकानातल्या काट्यावरच करायचे, हमाल जेवायला गेले की गुपचूप. आषाढातल्या एका दुपारी मोठा हमाल लवकर परतला. काट्यावर उभे मालक त्याने बघितले, आकडा बघितला आणि पन्नास-पन्नास किलोचे कट्टे मोजताना लावतो तोच सूर लावून म्हणाला, "सेठ, तूरडाळीचे दोन कट्टे भरले. आता वरकड सांडायला लागलंय."

शांतीलालजी हसले. पण त्याच आठवड्यात जैन मंदिराच्या हॉलमध्ये प्रेमराजजी माइक घेऊन उभे राहिले आणि हसणं आटलं. प्रेमराजजी संघाच्या यात्रा काढतात, आणि साधं "बसून घ्या"सुद्धा लिलाव पुकारल्यासारखं म्हणतात. कार्तिकी पौर्णिमेनंतर गुजरातेतल्या पालिताण्याची यात्रा निघणार होती. चातुर्मासात तिथला डोंगर चढत नाहीत, पौर्णिमेला तो उघडतो. "तरऽऽ ज्यांना डोली लागेल त्यांनी नाव द्या. शांतीलालजी, तुमची मी चार जणांची सांगून ठेवतो. दोघांची नको, त्यांच्याही घरी बायकापोरं आहेत."

हॉल हसला. बायकांच्या बाजूला बसलेल्या त्यांच्या पत्नी सुगनबाई तेवढ्या हसल्या नाहीत.

घरी आल्यावर त्या पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "लग्नानंतर तुम्हीच म्हणाला होतात, डोंगर जोडीने चढू. मग दरवर्षी तुमचा सीझन. मी बहिणींबरोबर जाऊन आले, जावांबरोबर जाऊन आले. या वर्षी तुम्ही डोलीत आणि मी पायी, ही जोडी नव्हे. ही वरात झाली."

शांतीलालजींच्या मनात आलं, चार जणांच्या खांद्यावरून जायचंच आहे एक दिवस, पण तेव्हा आपल्याला दिसणार नाही, एवढी तरी सोय असते. गुडघ्याचे डॉक्टरही म्हणाले होते, वजन उतरवा, मग चढायचं बोला. डोंगर उघडेपर्यंत चार महिने हातात होते.

त्यांनी एकासना धरली. म्हणजे दिवसातून एकदाच जेवायचं, एका बैठकीत. बूड हललं की जेवण संपलं. सुगनबाई ती वर्षानुवर्षं करतात, दोन फुलके आणि मूगडाळ खाऊन उठतात. शांतीलालजींनी नियम नीट ऐकला आणि त्यातली जागा व्यापाऱ्याच्या नजरेने हेरली. उठलं की संपतं ना? मग उठायचंच नाही. बाट्या आल्या, तूप आलं, गट्ट्याची भाजी आली, चुरमा आला. दुकानाचे फोन पाटावर बसून झाले. शेजारच्या बायका तपस्व्याची साता, म्हणजे खुशाली, विचारायला आल्या, "साता आहे ना, भाईजी?" तोंडात बाटी असल्याने भाईजींनी डोळे मिटून मान हलवली, आणि बायका हात जोडून गेल्या. तपाने चेहऱ्यावर केवढं तेज आलंय म्हणाल्या. ते तूप होतं.

पर्युषण आलं तोवर वजन आणखी वाढलेलं.

"उणोदरी करा," सुगनबाई म्हणाल्या. म्हणजे भुकेपेक्षा चार घास कमी खायचे, हेही तपच. पण त्याची कोणी साता विचारत नाही, कोणी हात जोडत नाही. शांतीलालजींना त्यात राम वाटला नाही.

नात पलक बारावीला आहे. तिने एकदा जेवता जेवता विचारलं, "दादाजी, तुम्ही कधीतरी बारीक होतात का?"

"बारीक? अगं, मी सायकलवर तोरणमाळ चढलोय. कॉलेजात असताना. मी आणि माझा दोस्त कौतिक."

"गिअरची सायकल?"

"कसला गिअर. दुकानाची सायकल. मागे कट्टे ठेवायचं लोखंडी कॅरिअर."

एरंडोलचा चहा, पारोळ्याचं पंक्चर, धुळ्याच्या धर्मशाळेतले ढेकूण, शिरपूर, शहादा, सगळं त्यांनी धडाधड सांगितलं. मग घाटाचा पायथा सांगितला. मग एकदम वरचा तलाव.

"मधला घाट?" पलकने विचारलं.

शांतीलालजींनी डोळे मिटून पाहिलं. मधला घाट आठवतच नव्हता. पायथ्याशी सायकल धरून उभा मुलगा दिसत होता, तलावात पाय सोडून बसलेला मुलगा दिसत होता. मधे काही नाही.

त्या मुलाने त्यांना पछाडलं. कसा असेल तो? वेताच्या काठीसारखा असणार. छाती कशी, मांड्या कशा? त्याला मनात पुढे पळवत ते पहाटे मेहरूण तलावाकडे निघाले. वेताची काठी झपाझप पुढे, मागे दोन कट्टे. तिसऱ्या दिवशी गुडघा सुजला आणि शांतीलालजी रिक्षात बसून परत आले. रिक्षावाल्याने टायरकडे दोनदा वाकून पाहिलं.

शेवटी पलकला सोबत घेऊन एसटीने ते भालोदला गेले. कौतिक पाटील तिथे केळी पिकवतो. बांधावर खाट टाकली होती. मोटारीचं पाणी पाटाने खळखळत होतं.

"कौतिक, मला एक सांग. तेव्हा माझं वजन किती असेल? मी इतका बारीक होतो, मग..."

"कोन बारीक?" कौतिकने इकडेतिकडे पाहिलं. "काबरं खोटं बोलतो रे भो, नातीसमोर. तू तव्हाही असाच व्हता. माही माय म्हने, हा शांत्या घरात आला का बाज कुरकुरते."

पलकने ओठ आत ओढून घेतले.

"मग घाट चढलो कसा?"

"चढला कव्हा? तू त उतरे. दर वयनाले उतरे." कौतिकने हाताने हवेत घाटाचं वळण काढून दाखवलं, मग तो उठून उभा राहिला आणि हातात नसलेली सायकल ढकलत, पोट पुढे काढून चालून दाखवू लागला. "मी दम टाकत वर गेलो, पाह्यतो त मांगं हा नाई. म्हनलं, पडला का दरीत? उलटा खाली आलो. हा एका पावऱ्या आदिवासी बाईच्या जोय बसेल. इचारी राह्यला, टोपल्यात काय हाये? महूचं फूल? कुठून येचलं? उन्हात वायवता कसं? ती बाई हसू राह्यली. मंग पुढच्या वयनाले एक लाकूडतोड्या. त्याले इचारलं, हे झाड कोन्तं? मंग एक गुराखी. त्याले इचारलं, वर पानी केवढं हाये, त्यात मासे कसे हायेत? मासे, अन् तू जैन."

"आणि मी दमत नव्हतो?"

"दमे ना. घामानं वला. पन तुले चढाचंच नव्हतं. तुले फक्त पुढच्या वयनापलीकडं काय हाये, ते पाह्याचं व्हतं. सांज झाली, पन पोहोचला त." तो खाटेवर बसला. "म्या तुले त्या दिवशी लई शिव्या घातल्या. तू इचारलं, ह्या शिव्या कुठून शिकला?"

परतीच्या एसटीत शांतीलालजी खिडकीतून बघत होते. वेताची काठी कुठे दिसेना. तिच्या जागी घामाने ओला, पोट सुटलेला एक पोरगा कोणाशी तरी बोलत बसला होता. शांतीलालजींना त्याची लाज वाटायला हवी होती, पण त्यांना विचारावंसं वाटत होतं की ती बाई काय म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून ते मेहरूणला पोचण्यासाठी निघालेच नाहीत. नुसते निघाले आणि नशिराबादहून वांगी घेऊन आलेल्या बाईपाशी थांबले. भरताचं वांगं वेगळं कशावरून, त्यात बी कमी का? ज्या वांग्याला बियांमुळे त्यांच्या जैन घराचा उंबरा बंद आहे, त्याची त्यांना आता खडान्‌खडा माहिती आहे. पुढे दूधवाला, त्याच्या पुढे तलावावर पोहणारे म्हातारे. कालचा प्रश्न अर्धा राहिला म्हणून आज जायचं, असं होऊ लागलं. दुपारी पानावर बसले की यातलं काहीतरी सुगनबाईंना सांगायचं असे, आणि तोंड बोलण्यात गुंतलं की चार घास आपोआप राहत. सुगनबाईंनी ओळखलं, ही उणोदरीच. पण त्या बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर हे लगेच तपस्वी झाले असते.

दिवाळीनंतर हमालासमोरच ते काट्यावर चढले. हमालाने आकडा बघितला, गाल खाजवला. "दोन कट्ट्यांच्या आत आलात, सेठ. जरासे. पण आलात."

जरासेच. डॉक्टर म्हणाले, सावकाश जाणार असाल तर जा. प्रेमराजजींनी डोलीचं नाव खोडलं नाही. राहू द्या म्हणाले.

पालिताण्याच्या पायथ्याशी पहाटे डोलीवाले उभेच होते. दोघांनी बोजा ताडला आणि आणखी दोघांना हाक मारली. "बेसी जाव, बापा. बहु ऊंचुं छे." शांतीलालजी बसले नाहीत, पण त्यांच्या बांबूला हात लावून विचारू लागले: हा कुठला, किती वर्षं टिकतो, खांद्याला काय लावता? चौघे रिकामी डोली घेऊन मागे मागे निघाले. हे गिऱ्हाईक विश्रामाच्या पहिल्या ओट्यावर कोसळणार, याची त्यांना खात्री होती.

शांतीलालजी पहिल्या ओट्यावर बसले. उठले. दुसऱ्यावर बसले. उठले. सुगनबाई पुढे जायच्या, कठड्याला टेकायच्या. संघातले सगळे कधीच वर गेले होते. ऊन चढलं. मग एका ओट्यावर शांतीलालजी बसले, ते उठेनात. विचारायला कोणी नव्हतं, श्वासही नव्हता. डोलीवाल्यांनी डोली त्यांच्या शेजारी खाली ठेवली.

सुगनबाई वरच्या वळणावर उभ्या होत्या. त्यांनी डोलीकडे पाहिलं.

शांतीलालजींनी मान वर केली. "तू तर कितीदा आलीस," ते म्हणाले. "त्या वळणापलीकडे काय आहे गं?"

सुगनबाईंनी मागे वळून त्या बाजूला नीट पाहिलं. त्यांच्या तोंडावर हसू आलं, ते त्यांनी पदराने पुसलं.

"नाही सांगणार," त्या म्हणाल्या आणि वळणाआड गेल्या.

शांतीलालजी रिकाम्या वळणाकडे बघत राहिले. मग त्यांनी दोन्ही हात ओट्यावर टेकले आणि "अगं पण काय आहे काय?" असं पुटपुटत उठले. डोलीवाल्यांनी एकमेकांकडे पाहिलं. बांबू खांद्यावर घेतला आणि ते दुसरं गिऱ्हाईक शोधायला खाली निघाले.